दायी आणि ग्राही : पेण-रोहा परिसरातील उष्णतेच्या देवघेवीचा इतिहास

१

रासायनिक अभिक्रिया घडताना एकतर उष्णता बाहेर पडते, किंवा ती आत घेतली जाते. पहिल्या प्रकारच्या अभिक्रियेस उष्मादायी व दुसऱ्या प्रकारच्या अभिक्रियेस उष्माग्राही म्हणावे, असे मराठी शाळांतील विज्ञानाच्या पुस्तकांत सांगितलेले असते. या दोन संज्ञांच्या स्पष्टीकरणासाठी चुनखडी भाजणे, कळीच्या चुन्यावर पाणी ओतणे, मीठ पाण्यात विरघळविणे, अशी उदाहरणे दिली जातात. विद्यार्थी ती पाठ करतात आणि परीक्षेत उतरवितात. परंतु ज्या प्रदेशात हीच उदाहरणे पिढ्यान्पिढ्या लोकांच्या उपजीविकेचे साधन होऊन राहिली, त्या प्रदेशाचा इतिहास या दोन संज्ञांच्या प्रकाशात पाहिला गेल्याचे क्वचितच आढळते.

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा हे दोन तालुके असा प्रदेश होय. १८६९ साली स्वतंत्र झालेल्या कुलाबा जिल्ह्याचे ते भाग असून १९८१ मध्ये जिल्ह्याचे नाव रायगड असे झाले. पेण भोगावतीच्या काठी, रोहा कुंडलिकेच्या काठी, आणि दोहोंच्या मध्ये अंबा नदीवर नागोठणे, अशी या भूभागाची रचना आहे. तिन्ही नद्यांच्या मुखाकडील भागात भरतीचे पाणी आत शिरते. त्यामुळे खाजणे व मिठागरे हा या भागाच्या जीवनाचा जुना पाया होय. पुढे पेणला गणेशमूर्तींचे कारखाने नावारूपाला आले, रोह्याजवळ धाटाव येथे रासायनिक कारखान्यांची वसाहत उभी राहिली, नागोठण्यास खनिज वायूचे भंजन करणारा प्रकल्प झाला, आणि पेण तालुक्यातील डोलवी येथे पोलादाचा कारखाना निघाला.

वरवर पाहता या व्यवसायांत काहीच समान नाही. तथापि प्रत्येकाच्या बाबतीत एकच प्रश्न विचारला, की उष्णता कोणी दिली, कोठे दिली आणि ती परत कोठे मिळाली, तर त्यांचा एक सलग इतिहास दिसू लागतो. प्रस्तुत निबंधात तो मांडावयाचा असून, त्याच्या अखेरीस 'दायी' व 'ग्राही' या शब्दांनी विद्यार्थ्याच्या मनात काय घडते याचाही विचार करावयाचा आहे.

२

आरंभ मिठापासून करणे योग्य होय. 'आगर' हा शब्द संस्कृत 'आकर' म्हणजे खाण या शब्दापासून आला. समुद्राच्या पाण्याला खाण मानणारी ही दृष्टी लक्षात घेण्याजोगी आहे. आणि या आगरांवर राबणाऱ्या समाजाचे 'आगरी' हे नावही तीतूनच आले आहे. भरतीचे पाणी बांध घालून अडविणे, ते उथळ वाफ्यांत क्रमाक्रमाने फिरविणे आणि उन्हाने ते आटू देणे, ही मिठागराची रीत. बांध घालून खाऱ्या पाण्यापासून सोडविलेल्या जमिनींची 'शिलोत्री' ही धारापद्धती पेण, नागोठणे या भागांत प्रसिद्ध होती, आणि १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा व जंजिऱ्याच्या गॅझेटियरात तिची दखल घेतलेली आहे. एकच बांध कधी भात पिकविण्यासाठी, तर कधी मीठ पिकविण्यासाठी घातला जाई. भाषेनेही हा शेजार जपला आहे. मराठीत मीठ 'तयार होत' नाही, ते 'पिकते'.

आता या पिकण्याचा हिशेब पाहावा. समुद्राच्या १ किलोग्रॅम पाण्यात एकूण क्षार सुमारे ३५ ग्रॅम असतात व त्यांपैकी खाण्याचे मीठ सुमारे २७ ग्रॅम असते. १ किलोग्रॅम मीठ हाती यावयाचे तर सुमारे ३५ किलोग्रॅम पाण्याची वाफ व्हावी लागते. १ किलोग्रॅम पाण्याची नेहमीच्या तापमानाला वाफ होण्यास सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे १ किलोग्रॅम मिठामागे सुमारे ८५,००० किलोज्यूल उष्णता खर्ची पडते. हीच उष्णता दगडी कोळसा जाळून मिळवावयाची झाल्यास, भट्टीतील नासाडी जमेस न धरताही, प्रत्येक किलोग्रॅम मिठामागे ३ किलोग्रॅमहून अधिक कोळसा लागेल. मिठाची किंमत व कोळशाची किंमत यांची तुलना करताच हा धंदा उन्हावाचून का शक्य नव्हता हे उघड होते. पावसाळ्यात कोकणची मिठागरे बंद राहतात, याचे कारणही तेच. उष्णतेचा दाता ढगाआड गेला की पीक थांबते.

१८९० च्या मुंबई मीठ कायद्याने मीठ पिकविणे सरकारी परवान्याखाली आणले, आणि १९३० च्या सत्याग्रहात मीठ हा राष्ट्रीय प्रश्न झाला. त्या आंदोलनात नैतिक बळाबरोबर एक भौतिक सत्यही होते. मिठाच्या किमतीचा जो सर्वांत मोठा घटक, ती उष्णता, सूर्य फुकट देत होता. कर बसत होता तो श्रमावर आणि गरजेवर.

येथे एक भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. पाण्याची वाफ होणे हा भौतिक बदल आहे, रासायनिक अभिक्रिया नव्हे. तरीही उष्णतेच्या देवघेवीचा धडा येथूनच सुरू होतो, कारण घेतलेली उष्णता तापमान न वाढविता पदार्थात सामावते, ही कल्पना बर्फ वितळणे व पाण्याची वाफ होणे अशा भौतिक बदलांच्या अभ्यासातूनच निघाली. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक (१७२८–१७९९) यांनी १७६० च्या सुमारास बर्फ वितळण्याच्या व पाणी उकळण्याच्या प्रयोगांतून सुप्त उष्णतेची कल्पना मांडली. याच ब्लॅक यांचे पहिले मोठे संशोधन चुन्यावर होते, हा योगायोग पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

३

'लोणारी' या शब्दाचा अर्थविस्तार कोशकारांनी नोंदविला आहे. शब्दाचे मूळ 'लवण' म्हणजे मीठ. परंतु मराठीत लोणारी म्हणजे मीठ करणारा, तसाच चुना भाजणारा आणि कोळसा पाडणाराही. तीन भिन्न पदार्थ एकाच नावाखाली यावेत, हे केवळ जातिव्यवस्थेच्या आधारे सांगता येईल; पण या तीनही कामांत पदार्थाला उष्णता देऊन त्यातून काहीतरी घालविणे हे सूत्र समान आहे. मिठात पाणी जाते, चुन्यात वायू जातो, कोळशात लाकडातील पाणी व धूर जातो. लोकांनी व्यवसायांना नाव देताना जी सांगड घातली, ती रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही निराधार नाही.

कोकणपट्टीचा खडक काळा पाषाण व जांभा असा असल्यामुळे तेथे चुनखडीचे डोंगर नाहीत. किनाऱ्यावर चुना मुख्यत्वे शिंपल्यांपासून मिळे. शिंपले आणि चुनखडी ही दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचीच रूपे. ते सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले असता कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कळीचा चुना उरतो. या अभिक्रियेत दर मोलमागे १७८.३ किलोज्यूल उष्णता आत घेतली जाते. १ किलोग्रॅम कळीच्या चुन्यामागे ही उष्णता सुमारे ३,१८० किलोज्यूल होते, आणि पदार्थ त्या तापमानापर्यंत नेण्याचा व भट्टीच्या भिंतींतून वाया जाणाऱ्या उष्णतेचा खर्च त्याहून निराळा. हा सर्व खर्च जंगलातील लाकडाने भागविला. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलातील सरपण सहजासहजी मिळेनासे झाले, तेव्हा चुन्याची भट्टी ही केवळ कारागिराची बाब राहिली नाही. तिचा संबंध वनखात्याशी जडला.

कळीचा चुना बांधकामाच्या जागी नेऊन त्यावर पाणी ओतले की तो फुगतो, फुटतो, वाफ सोडतो आणि भुकटी होऊन पडतो. या क्रियेला मराठीत 'चुना विरणे' म्हणतात. 'चुना' हा शब्दच 'चूर्ण' या संस्कृत शब्दापासून आलेला आहे, हे येथे आठवावे. या विरण्यात दर मोलमागे ६५.२ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. १ किलोग्रॅम कळीच्या चुन्यापासून मिळणारी सुमारे १,१६० किलोज्यूल उष्णता सर्वच्या सर्व पाण्याला देता आली, तर ४ लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत जाईल. चुना विरविताना डोळे व हात जपावे लागतात, ते याचसाठी. भिंतीत बसलेला विरलेला चुना पुढे हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे जेथून निघाला तेथेच परत येतो; आणि या शेवटच्या टप्प्यात दर मोलमागे ११३.१ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ही उष्णता महिने-वर्षे झिरपत राहिल्यामुळे कोणाच्याही हाताला जाणवत नाही.

आता तीनही आकडे एकत्र मांडावे. भट्टीत घेतलेले १७८.३, विरताना परत दिलेले ६५.२, भिंतीत परत दिलेले ११३.१. शेवटच्या दोहोंची बेरीज १७८.३ होते. शिंपल्यापासून भिंतीपर्यंतच्या या फेऱ्यात उष्णतेचा जमाखर्च तंतोतंत मिटतो. ज्या नियमाने तो मिटतो तो जर्मेन हेन्री हेस यांनी १८४० मध्ये मांडला. अभिक्रिया कोणत्या मार्गाने घडली यावर एकूण उष्णता अवलंबून नसते, ती केवळ आरंभ व शेवट यांवर ठरते. शाळेत हा नियम बहुधा कार्बनच्या ज्वलनाने शिकविला जातो. ज्या गावात जुन्या चुन्याच्या भिंती उभ्या आहेत, तेथे तो भिंतीकडे बोट दाखवूनही शिकविता येण्याजोगा आहे.

चुन्याच्या दाहकतेविषयीचा जुना समज येथे उल्लेखनीय आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील अनेक विद्वान असे मानीत, की भट्टीतील अग्नीचे कण चुन्यात शिरून राहतात व म्हणून तो दाहक होतो. १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात ब्लॅक यांनी वजने करून दाखविले, की भट्टीत चुन्यात काही शिरत नाही. उलट त्यातून एक वायू निघून जातो. अग्निकणांची कल्पना तेथे मोडली. परंतु उष्णतेच्या हिशेबापुरते पाहिले, तर त्या जुन्या समजात तथ्याचा अंश होता. भट्टीची आग चुन्यात 'पदार्थ' म्हणून राहत नाही, हे खरे. पण भट्टीने दिलेली ऊर्जा चुन्यात राहते आणि पाण्याच्या स्पर्शाने तिचा तिसऱ्या भागाहून अधिक हिस्सा परत मिळतो, हेही तितकेच खरे. ब्लॅक यांनी एका प्रबंधाने अग्नी चुन्यातून काढला आणि पुढच्या संशोधनाने, सुप्त उष्णतेच्या रूपाने, तो पदार्थात पुन्हा बसविण्याची वाट मोकळी केली.

४

पेणच्या गणेशमूर्तींचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आला व त्यात देवधर घराण्याचे नाव अग्रभागी घेतले जाते. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाचा प्रसार झाल्यावर मुंबई-पुण्याची मागणी वाढत गेली. पुढे पेण शहराबरोबर हमरापूर, जोहे यांसारखी गावे या कामात आली. आरंभीची मूर्ती शाडूची असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र पॅरिसच्या प्लास्टरने शाडूची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली. या बदलाची कारणे सांगताना हलके वजन, कमी तडे, साच्यातील सुबकता व किंमत यांचा निर्देश केला जातो. ती सर्व खरी आहेत. परंतु उष्णतेचा हिशेब त्यांत सहसा येत नाही.

शाडूच्या मूर्तीला घट्टपणा येतो तो पाणी उडून गेल्याने. मूर्तीत पाव किलोग्रॅम पाणी असेल तर ते घालविण्यास सुमारे ६०० किलोज्यूल उष्णता लागते, आणि ती सभोवारच्या हवेने द्यावी लागते. गणेशोत्सव भाद्रपदात येतो. म्हणजे कामाचा कडेलोट होतो तो नेमका आषाढ-श्रावणात, जेव्हा कोकणची हवा ओलाव्याने भरलेली असते व मूर्तीतील पाणी घेण्यास ती नाखूश असते. शाडूचा कारागीर उष्णतेसाठी ऋतूचा आश्रित असतो, जसा मिठागरातील आगरी असतो. म्हणूनच शाडूकामाला उत्सवाच्या कित्येक महिने आधी सुरुवात करावी लागते.

प्लास्टरचे तसे नाही. जिप्सम हे खनिज राजस्थानात विपुल आहे. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू बद्ध असतात. ते सुमारे १२० ते १८० अंशांपर्यंत तापविले की दीड रेणू पाणी वाफ होऊन जाते व प्लास्टर उरते. या क्रियेत दर मोलमागे सुमारे ८५ किलोज्यूल उष्णता घेतली जाते. पेणच्या कारखान्यात त्या भुकटीत पाणी घातले, की गेलेले दीड रेणू पाणी परत बांधले जाऊन जिप्समचे सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात, काही मिनिटांत लगदा घट्ट होतो, आणि दर मोलमागे सुमारे १९ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. १ किलोग्रॅम प्लास्टरमागे ही उष्णता सुमारे १२० ते १३० किलोज्यूल भरते. साचा हाताला कोमट लागतो, आणि जाड थरात तर प्लास्टर चटका बसण्याइतके तापू शकते. ओल्या प्लास्टरच्या जाड गोळ्यात हात बुडवून ठेवणे धोक्याचे असते, ते याचमुळे. ८५ व १९ यांतील अंतर, म्हणजे ६६ किलोज्यूल, हे कोठे गेले असा प्रश्न विद्यार्थी विचारील. दीड मोल पाण्याची वाफ करण्यास लागणारी ही उष्णता असून ती वाफेबरोबर भट्टीच्या धुराड्यातून निघून गेली. येथेही हिशेब मिटतो.

प्लास्टरच्या मूर्तीतही जरूरीपेक्षा अधिक पाणी असते व ते सुकावेच लागते, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. परंतु आकार टिकण्यासाठी ते सुकण्याची वाट पाहावी लागत नाही. आकार टिकविणारी क्रिया उष्मादायी आहे. तिला पावसाळी हवेकडे काही मागावे लागत नाही. शाडूला जी उष्णता श्रावणातील पेणमध्ये हवी असते, ती प्लास्टरच्या बाबतीत दूरच्या भट्टीत आगाऊ भरलेली असते. या अर्थाने प्लास्टरची गोणी म्हणजे कोरड्या मुलखातून आणलेली कोरडेपणाची ठेव होय. पेणच्या कारागिराने प्लास्टर स्वीकारले ते आळसाने किंवा परंपरेविषयीच्या अनास्थेने, असे म्हणणाऱ्यांनी हा मुद्दा ध्यानात घ्यावा. ऋतूच्या तावडीतून सुटण्याची वाट त्याला एका अभिक्रियेने दाखविली होती.

रसायनशास्त्राच्या इतिहासात जिप्समचे स्थान चुन्याइतकेच मानाचे आहे. आंत्वान लाव्हाझिए यांनी १७६५ साली फ्रेंच अकादमीपुढे वाचलेला पहिला निबंध जिप्समवर होता, आणि प्लास्टर घट्ट होते ते भट्टीत गेलेले पाणी परत घेतल्यामुळे, हे त्यांनी त्यात दाखविले. पुढे १७८३ मध्ये त्यांनी लाप्लास यांच्यासह बर्फाचा उष्णतामापक वापरून रासायनिक क्रियांतील उष्णता मोजली. नव्या रसायनशास्त्राच्या दोन आद्य प्रवर्तकांपैकी एकाने चुन्यापासून व दुसऱ्याने प्लास्टरपासून आरंभ करावा, आणि हे दोन्ही पदार्थ कोकणातील कारागिराच्या नित्याच्या हाताळणीतले असावेत, ही गोष्ट शिक्षकाला उपयोगी पडण्याजोगी आहे.

प्लास्टरची दुसरी बाजू विसर्जनानंतर दिसते. जिप्सम पाण्यात फारच थोडे, लिटरमागे सुमारे २ ग्रॅम, विरघळते. शाडूची मूर्ती पाण्यात विस्कटते. प्लास्टरची राहते, कारण घट्ट होताना उष्णता देऊन ती स्थिर अवस्थेला आलेली असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. त्यानंतर प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला व जून २०२५ मध्ये मूर्ती घडविण्यास वाट मिळाली, तरी नैसर्गिक जलाशयांतील विसर्जनाचा प्रश्न न्यायालयाच्या अधीनच राहिला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टरच्या मूर्ती विघटित करण्याची पद्धत पुढे आणली. तीत अमोनियम सल्फेट हे खत मिळते, आणि तळाशी साका बसतो तो कॅल्शियम कार्बोनेटचा. शिंपल्याचा पदार्थ असा पुन्हा समोर येतो.

५

रोह्याकडे वळताच प्रश्नाचे स्वरूप पालटते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली व पुढे धाटाव येथे त्याची वसाहत उभी राहिली. मुळशीच्या धरणाचे पाणी सह्याद्रीवरून उतरवून वीज निर्माण करणारे भिऱ्याचे वीजगृह १९२७ पासून चालू होते. तेथून सुटणाऱ्या पाण्याने कुंडलिका उन्हाळ्यातही वाहती राहिली. मुळशीच्या शेतकऱ्यांनी ज्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला, त्याच धरणाच्या पाण्याने घाटाखाली रासायनिक कारखान्यांची सोय झाली. कारखान्यांना पाणी अनेक कारणांसाठी लागते. त्यांतील एक प्रमुख कारण उष्णता काढून नेणे हे होय.

मिठागरात, भट्टीत व मूर्तीच्या कारखान्यात अडचण उष्णता मिळविण्याची होती. रंगद्रव्ये व मध्यवर्ती रसायने बनविणाऱ्या कारखान्यात ती बहुधा उष्णतेपासून सुटका करून घेण्याची असते. नायट्रीकरण, सल्फोनीकरण, डायाझोकरण या अभिक्रिया उष्मादायी आहेत. पेटर ग्रीस यांनी १८५८ मध्ये शोधून काढलेली डायाझो अभिक्रिया अझो रंगद्रव्यांचा पाया ठरली. ती सामान्यतः ० ते ५ अंशांदरम्यान, अनेकदा पात्रात बर्फ टाकून करावी लागते, कारण तापमान वाढल्यास तयार झालेले डायाझो संयुग विघटन पावते.

येथे प्रयोगशाळा व कारखाना यांतील भेद कळीचा ठरतो. परीक्षानळीत उष्मादायी अभिक्रिया केली की काच कोमट होते आणि थोड्या वेळाने निवते. तीच अभिक्रिया लांबी, रुंदी व उंची दहापट असलेल्या पात्रात केली, तर उष्णता निर्माण करणारे आकारमान हजारपट होते, पण उष्णता बाहेर सोडणारे पृष्ठफळ केवळ शंभरपट होते. त्यातच तापमान वाढेल तसा अभिक्रियेचा वेग झपाट्याने वाढतो, ढोबळ मानाने दर १० अंशांना दुपटीच्या आसपास. आणि पात्र निवण्याचा वेग मात्र तापमानातील फरकाच्या प्रमाणातच वाढतो. एका मर्यादेपलीकडे उष्णतेची आवक जावकीस मागे टाकते आणि अभिक्रिया हाताबाहेर जाते. १९८४ च्या २ व ३ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री भोपाळ येथे मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरून जी उष्मादायी अभिक्रिया झाली, तिने शालेय पुस्तकातील या संज्ञेला किती भयंकर अर्थ असू शकतो हे दाखवून दिले.

नागोठण्याचे उदाहरण याच्या उलट आहे. समुद्रातून काढलेल्या खनिज वायूतील इथेन सुमारे ८०० अंशांहून अधिक तापवून त्यापासून एथिलीन करावयाचे, ही तेथील मूळ अभिक्रिया. ती उष्माग्राही असून दर मोलमागे सुमारे १३७ किलोज्यूल उष्णता घेते. भट्टी विझली की अभिक्रिया थांबते. परंतु त्या एथिलीनपासून पॉलिथीन बनविताना दर मोलमागे ९० किलोज्यूलहून अधिक उष्णता बाहेर पडते, व ती काढून नेण्याची व्यवस्था करावी लागते. एकाच आवारात एका टोकाला उष्णता ओतणे व दुसऱ्या टोकाला ती उपसणे, असे हे काम आहे. डोलवीच्या पोलाद कारखान्यात तर चुनखडी भाजण्याच्या भट्ट्या आहेत, कारण लोखंडातील अशुद्धी मळीत ओढून घेण्यास चुना लागतो. सिमेंटने बांधकामातून हटविलेला चुना अशा रीतीने पेण तालुक्यात नव्या वेषात परतला.

६

आता संज्ञांकडे वळावे. उष्णता देणाऱ्या व घेणाऱ्या अभिक्रियांना स्वतंत्र नावे देण्याचे श्रेय फ्रेंच रसायनज्ञ मार्सलँ बर्तलो यांना दिले जाते. ग्रीक घटकांपासून बनविलेल्या त्या नावांत 'बाहेर' व 'आत' अशा दिशा होत्या; देणे-घेणे नव्हते. मराठीत शास्त्रीय लेखनाची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून आहे. कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) यांनी रसायनादी शास्त्रांवर मराठीत ग्रंथ लिहून ती दृढ केली. दाते व कर्वे यांचा शास्त्रीय परिभाषा कोश १९४८ मध्ये निघाला, १९६० मध्ये राज्याचे भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद व १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळ. या संस्थात्मक प्रयत्नांच्या काळात संस्कृत धातूंवरून संज्ञा घडविण्याची रीत रूढ झाली, आणि 'उष्मादायी' व 'उष्माग्राही' ही जोडी याच रीतीतील होय.

ही जोडी सुटसुटीत आहे, परंतु तिच्यात एक अडचण दडलेली आहे. 'दायी' अंती असलेले जे शब्द विद्यार्थ्याच्या ओळखीचे असतात, जसे फलदायी, सुखदायी, दुःखदायी, त्यांत घेणारा नेहमी माणूस असतो व तो सांगावा लागत नाही. उष्मादायी अभिक्रियेत घेणारा कोण, हे मात्र सांगावेच लागते. तो म्हणजे अभिक्रियेच्या सभोवारचा परिसर. तसे न सांगितल्यास विद्यार्थी असा तर्क करतो: नळी गरम झाली, म्हणजे तिने उष्णता घेतली, म्हणून ही अभिक्रिया उष्माग्राही. हा तर्क मूर्खपणाचा नाही. रोजच्या मराठीत 'गरम होणे' म्हणजे उष्णता घेणेच होय. नळीने उष्णता घेतली हेही सत्य आहे; चूक एवढीच, की नळी ही अभिक्रिया नव्हे. 'ग्राही'चे मात्र तसे नाही. गुणग्राही, रसग्राही या शब्दांत घेणारा घेतल्याने संपन्न होतो, आणि उष्माग्राही अभिक्रियेतील उत्पादितेही घेतलेली ऊर्जा बाळगून असतात. येथे भाषा शास्त्राच्या बाजूने आहे.

दुसरी अडचण अशी, की देणे हे सहज व घेणे हे कष्टाचे, अशी समजूत होते. बर्तलो यांनाही अशीच काहीशी समजूत झाली होती. अभिक्रिया नेहमी अधिकात अधिक उष्णता बाहेर टाकण्याच्या दिशेने जातात, असे त्यांनी प्रतिपादिले, आणि ते पुढे टिकले नाही. मीठ पाण्यात आपोआप विरघळते, तरी त्या क्रियेत दर मोलमागे सुमारे ४ किलोज्यूल उष्णता घेतली जाते व पाणी किंचित थंड होते. उष्णतेची देवघेव हा अभिक्रियेच्या दिशेचा एकमेव नियंता नव्हे, हे पेणच्या मिठाची एक मूठ सिद्ध करू शकते.

याउलट लोकव्यवहारातील जे शब्द पाठ्यपुस्तकांत टिकून राहिले, ते शिकविण्यास कधी अडचण येत नाही. 'कळीचा चुना', 'विरलेला चुना', 'चुन्याची निवळी' हे शब्द पान खाणाऱ्यापासून गवंड्यापर्यंत सर्वांचे आहेत व रसायनशास्त्राने ते जसेच्या तसे घेतले. येथे संस्कृतोद्भव संज्ञा टाकून द्याव्यात असा आग्रह नाही. शास्त्राला नेमक्या संज्ञा हव्यातच. मात्र 'विरणे', 'पिकणे', 'निवणे' ही क्रियापदे विद्यार्थ्याच्या तोंडी आधीपासून असताना त्यांना वर्गाबाहेर ठेवून केवळ 'दायी-ग्राही' घोकविणे हे भाषेचे व शास्त्राचे दोहोंचे नुकसान होय.

७

वरील विवेचनातून पेण-रोहा परिसराचा इतिहास उष्णतेच्या दृष्टीने चार अवस्थांत मांडता येतो. मिठागरात उष्णता सूर्याने दिली आणि ती वाफेबरोबर गेली. चुन्यात ती जंगलाने दिली आणि बांधकामाच्या जागी व भिंतीत परत मिळाली. प्लास्टरमध्ये ती दूरच्या भट्टीने दिली आणि तिचा थोडा भाग पेणच्या साच्यात परत मिळाला. धाटावच्या कारखान्यांत ती अभिक्रियेनेच दिली आणि नदीच्या पाण्याला ती वाहून न्यावी लागली. या क्रमात कारागीर हळूहळू ऋतूपासून सुटला. परंतु प्रत्येक वेळी उष्णतेचा भार दुसऱ्या कोणावर तरी पडला, कधी जंगलावर, कधी परमुलखावर, कधी नदीवर.

या तालुक्यांतील शाळांतून शिकणाऱ्या मुलामुलींपैकी काही जण मूर्तीच्या कारखान्यात, काही धाटाव, नागोठणे किंवा डोलवी येथे कामाला लागतात. त्यांच्या दृष्टीने उष्मादायी ही केवळ एका गुणाची व्याख्या नव्हे. पात्राचे तापमान का वाढते आहे, ते आपोआप थांबेल की वाढतच जाईल, हे ओळखण्यावर त्यांचे व शेजाऱ्यांचे प्राण अवलंबून असू शकतात. चुना विरताना मागे सरावे, हे गवंड्याच्या पोराला कोणी व्याख्या देऊन शिकविले नव्हते. परंतु स्टीलच्या बंद पात्रात काय विरते आहे ते डोळ्यांना दिसत नाही. तेथे व्याख्येचाच आधार असतो, आणि म्हणून देणारा कोण व घेणारा कोण हे तीत स्पष्ट असले पाहिजे.